दहापैकी दहा

३ फेब्रुवारी

आणि वर दादा मलाच विचारतो, "पैसे तिकडे खातोस की काय?" मी म्हटलं, हो, मीठ लावून खातो. तर म्हणे उलट बोलतोस. सुलट बोललो तेव्हा तू कधी ऐकलंस, ते सांग. मी घर सोडलं तेव्हापासून आमचं हेच चालू आहे. फोन लागला की पहिलं वाक्य 'बरा आहेस ना' आणि दुसरं 'एवढेच का पाठवलेस'. पहिल्याचं उत्तर ऐकायला तो थांबतच नाही.

एवढेच पाठवले कारण चार दिवस खाडा झाला. लॉन्ड्रीत पगार नगावर. जितके शर्ट इस्त्री कराल तितके पैसे. खाडा का झाला ते दादाला सांगता येत नाही, म्हणून भांडण अर्धंच होतं. माझ्या बाजूचं अर्धं माझ्या तोंडातच राहतं.

ही वही दवाखान्यातल्या बाईंनी दिली. रोज हाताचं काय झालं ते लिही म्हणाल्या, दोन ओळी पुरे. मी सहावीत शाळा सोडली. दोन ओळी लिहायला बसलो आणि मध्ये दादाच घुसला. बाईंना ही पानं दाखवणार नाही. हाताचं वेगळ्या कागदावर लिहून देईन.

हात : उजवा कोपर ठणकतो. करंगळी जरा आळशी.

४ फेब्रुवारी

बॉयलर बिघडला, दुपारनंतर काम बंद. वाफ नाही तर इस्त्री नाही. उस्ताद बाहेर बाकावर पत्ते कुटतोय. उस्ताद म्हणजे आमच्यातला सर्वांत जुना इस्त्रीवाला. मी आणि तो एका खोलीत राहतो. कॉलर मारायला त्यानेच शिकवलं, आधी आतून, मग बाहेरून, टोकाकडून मध्याकडे. तोंडाने फटकळ, पण त्याने इस्त्री केलेल्या शर्टाची घडी मोडायला जिवावर येतं.

शनिवारचं लिहायचं राहिलंय.

माझ्या पाठीवर आणि दंडावर फिकट चट्टे होते. दुखत नव्हते, खाजत नव्हते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मागे लॉन्ड्रीत तपासणीला माणसं आली, त्यांनी ते शोधून काढले आणि दवाखान्यात धाडलं. तिथे बाईंनी आजाराचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. उस्तादला वाचता येत नाही, पण वाचता येणारा कोणीही वही उघडू शकतो. वर्षभर घ्यायची पाकिटं दिली. पहिल्याच दिवशी लघवी लालभडक. मला वाटलं, संपलो. बाई म्हणाल्या, गोळीचा रंग आहे. बरं. चार महिने इमानदारीने घेतल्या.

पाचव्या महिन्यात गपगुमान पडून असलेले चट्टे लाल झाले, फुगले, हात लावला तर गरम. कोपराच्या आतली नस सुतळीएवढी जाड झाली आणि करंगळीपर्यंत कळा यायला लागल्या. म्हणजे औषध नव्हतं तेव्हा मी धडधाकट होतो आणि औषधाने आजारी पडलो! पाकिटं बंद केली, चार दिवस पडून राहिलो आणि शनिवारी भांडायलाच दवाखान्यात गेलो.

पाकिटं बाईंच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "हे परत घ्या. तुमचं औषध मला उलटलं."

बाईंनी पाकिटांकडे बघितलंही नाही. माझा कोपर धरला आणि नस दाबली. मी किंचाळलो. बाहेरच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं.

"औषध नाही उलटलं रे," बाई म्हणाल्या. "औषधाने जंतू मेले. पण तुझ्या अंगात जी फौज असते ना, रोगाशी लढणारी, ती इतके दिवस झोपली होती. तिला आत्ता जाग आली."

"मग चांगलंच झालं की."

"कसलं चांगलं? साप मरून पडलाय आणि ही फौज साप साप म्हणून भुई धोपटतेय. आणि भुई कुठली, तर तुझी नस."

मग पांढऱ्या गोळ्या दिल्या. फौजेला शांत करायच्या. रोज सकाळी काहीतरी खाऊन आठ. दर दुसऱ्या शनिवारी यायचं, हात तपासायचा, सुधारला असेल तर गोळ्या कमी करायच्या. मनाने कमी करायच्या नाहीत. जुनी पाकिटंही चालूच ठेवायची. हाताला विश्रांती द्यायची, इस्त्री धरायची नाही. आणखीही बरंच बोलल्या, मीठ कमी खा, साखर तपास, चेहऱ्याचं काहीतरी. निम्मं ऐकलं.

"आणि नाही घेतल्या तर?" मी विचारलं.

त्यांनी स्वतःची करंगळी आणि शेजारचं बोट तळहाताकडे वाकवलं आणि हात माझ्यासमोर धरला. "असा होतो. मग उघडत नाही."

तो हात डोळ्यांपुढून जात नाही. पण इस्त्री सोडली तर खाऊ काय? इस्त्रीचं मी बाईंना सांगणार नाही आणि हाताचं मॅनेजरला सांगणार नाही. हिशोब मिटला.

हात : तसाच.

७ फेब्रुवारी

तपासतात कसं ते लिहायला हवं, कारण ती परीक्षाच आहे. बाईंकडे दांडीला बांधलेला नायलॉनचा दोरा आहे. डोळे मिटायला लावतात आणि तळहातावर दहा ठिकाणी तो टेकवतात. जिथे कळेल तिथे दुसऱ्या हाताने बोट ठेवायचं. शनिवारी मला सात कळले. मग करंगळी बाहेर रेटायला लावतात आणि स्वतः आत दाबतात. शेवटी दोन बोटांच्या चिमटीत कागद धरायला देतात आणि ओढतात. कागद निसटला.

बाईंनी त्यांच्या वहीत लिहिलं, ७. पुन्हा आकडे. शाळेत असेच लिहायचे, लाल शाईने.

हात : ठणका कमी! आठवड्याच्या आत! गोळ्या आहेत की जादू.

१२ फेब्रुवारी

भूक इतकी लागते की काल उस्तादच्या ताटातला भात संपवला. तो म्हणाला, "तुला काय डोहाळे लागलेत का?" चट्टे बसले, ठणका गेला. अंगात अशी तरतरी की आज नव्वद शर्ट मारले. उस्तादचे ब्याऐंशी. म्हाताऱ्याने माझे शर्ट दोनदा मोजले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज परीक्षा. आता जे झालं ते झालं तसं लिहितो, ही वही कोण बघणार आहे.

डोळे मिटून बसलो. पहिले सात कळले. मग बराच वेळ काहीच नाही. बाई दोरा टेकवत नसतील म्हणून वाट बघितली. मग वाटलं, की टेकवला आणि मलाच कळला नाही? मला पुन्हा फळ्यासमोर उभं केलं होतं. पापणी जराशी उघडली. दोरा करंगळीच्या बुडाशी टेकलेला होता. तिथे बोट ठेवलं. पुढचा, ठेवलं. त्याच्या पुढचा, ठेवलं. अधूनमधून मुद्दाम उशीर केला, खरं वाटावं म्हणून. करंगळी जीव खाऊन रेटली, कागद अंगठ्याचा चोरून टेकू देऊन धरला.

"दहापैकी दहा!" बाई म्हणाल्या. "शाबास!"

मला आजपर्यंत कुणी शाबास म्हटलेलं नाही. दादाने नाही, मास्तरांनी तर नाहीच. लॉन्ड्रीत चांगलं काम केलं तर मॅनेजर काही बोलत नाही, हेच बक्षीस. बाई अशा हसल्या, जणू त्यांनाच दहा मिळाले. बाहेर तीस माणसं रांगेत, बाई सकाळपासून उभ्या, आणि माझ्यामुळे त्यांना बरं वाटलं. मग खरं सांगून कुणाचं भलं होणार होतं? तशीही तरतरी आहेच. तीन ठिकाणचं कळत नाही, ते कळेल हळूहळू.

गोळ्या आठाच्या सहा.

२३ फेब्रुवारी

घरी व्हिडिओवर बोललो. सगळे फोनमध्ये डोकं खुपसून बसले. आई रडायलाच लागली. "किती रे भरलास! गाल बघा कसे वर आलेत." वहिनी म्हणाली, "भाऊजी, टोमॅटो झालात की हो!" आणि दादा! दादा पहिल्यांदा हसला. "बघ, मी म्हणत नव्हतो, हा तिकडे मजेत आहे."

आरशात बघितलं. खरंच चंद्रासारखा गोल झालोय. सोळाव्या वर्षापासून बसलेले गाल भरून आलेत. तब्येत सुधारली की माणूस कसा दिसतो बघा.

हात : उत्तम. (बाईंच्या कागदावरही हेच लिहिलंय.)

१ मार्च, शनिवार

पुन्हा दहा. आता सराईत झालोय. पापणीच्या फटीतून निम्मा तळहात दिसतो, तेवढं पुरतं. सहाच्या चार. बाई म्हणाल्या, "असंच राहिलं तर तुझं लवकर आटोपेल." जाताना एका नव्या माणसाला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, हा बघ, नियमाने गोळ्या घेतल्या की असं होतं. तो माणूस माझ्याकडे असा बघत होता जसा मी पहिल्या बाकावरच्या पोरांकडे बघायचो.

६ मार्च

दादाचा फोन, आणि पैशांचा विषय नाही! माझा तो व्हिडिओतला फोटो वहिनीने काढून ठेवला होता. तो कुणाला तरी दाखवला, त्यांच्या ओळखीत एक मुलगी आहे. मुलीचा मामा म्हणाला, मुलगा खात्यापित्या घरचा दिसतो. दादा सांगताना असा खुलला होता की मलाही खोटं वाटेना. मुलगी शिवणकाम करते. फोटो पाठवलाय. त्यात ती कॅमेऱ्यावर रागावलेली दिसते. मला आवडली.

मी म्हटलं, इतक्यात कशाला? दादा म्हणाला, "तुझं एक मार्गी लागलं की मी सुटलो." म्हणजे काय, मी काय त्याच्या मानेवर बसलोय? पण भांडलो नाही. गोड बोलत होता, कशाला नासवा.

११ मार्च

एक गंमत. शर्ट मारत होतो तर उस्ताद नाक वर करून म्हणाला, "कसला वास येतोय? कापड जळतंय का?" मी इस्त्री उचलून बघितली, कापड ठीक. मग बघतो तर माझ्याच हाताची कड इस्त्रीच्या लोखंडाला टेकलेली. मोठा फोड आला. मला पत्ताच नाही! उस्ताद म्हणाला, "हात आहे की लाकूड?" मी म्हटलं, "उस्ताद, आता तुमच्यासारखा पक्का झालोय." तो हसला नाही.

संध्याकाळी त्याने ट्रंकेतून ताकदीच्या पावडरीचा डबा काढला. "हे घे रोज दुधातून. अंगात प्रतिकारशक्ती पाहिजे." डबा त्याने स्वतःसाठी जपून ठेवला होता. घ्यायला लागलो. फौज वाढली तर वाढू दे की, माझीच आहे.

१५ मार्च, शनिवार

दहा. फोडाचं विचारलं, मी म्हटलं चहा सांडला. चाराच्या तीन. बाईंनी शाबास म्हटलं नाही, त्यांना आता सवय झाली. मला मात्र ऐकावंसं वाटत होतं.

२२ मार्च

कोपर पुन्हा.

२५ मार्च

आज फजिती झाली. चादरींची घडी दोघांनी घालायची असते. एकाने दोन कोपरे धरायचे, समोरच्याने दोन, एकदम झटका द्यायचा आणि मग एकमेकांकडे चालत यायचं. मी आणि उस्ताद हे डोळे झाकून करतो. आज झटका दिला आणि चादर माझ्या हातातून निसटून उस्तादच्या तोंडावर गेली. सगळे हसले. दुसरी धरली, तीही सुटली. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मी मिटली होती. माझ्या मते मिटली होती. बघितलं तर ती नुसतीच लोंबत होती, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

तिसऱ्या वेळी उस्तादने चादर खाली ठेवली. जवळ येऊन हळू म्हणाला, "दाखव."

मी हात खिशात घातला. म्हटलं, "काही नाही, मुंग्या आल्यात."

"मला शेंड्या लावू नकोस. पन्नास वर्षं हातांवर जगतोय मी."

शर्ट फक्त एकतीस झाले.

२७ मार्च

ठणका आहेच. चट्टे पुन्हा लाल. दादाचा फोन आला, मामा पुढच्या महिन्यात व्हिडिओवर बघणार आहेत. कॅमेरा छातीपर्यंतच धरायचा, मी मनात म्हटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

करंगळी टेबलावर ठेवून तिला हुकूम दिला, ऊठ. उठली नाही. अर्धा तास तिच्याशी बोलत बसलो. शिव्याही दिल्या.

२९ मार्च, शनिवार

बाईंनी दोरा काढला. मी पापणी किलकिली केली, सवयीने. दहाच्या दहा ठिकाणी बोट ठेवलं. मग त्या म्हणाल्या, करंगळी बाहेर रेट.

डोळ्यांनी कॉपी करता येते. करंगळीने कशी करायची?

बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं, मग वहीकडे, मग पुन्हा हाताकडे. "हे कसं? दोरा तर सगळा कळतोय तुला."

मी म्हटलं, "कळत नाही. दिसतो."

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. कधीपासून, कसं, अंगठ्याचा टेकू, चहा नव्हे इस्त्री. वाटलं आता बाहेर काढतील. वर्गातून काढायचे तसं.

बाई स्टुलावर बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. दोरा बोटांत फिरवत राहिल्या.

"का केलंस?"

"तुम्ही शाबास म्हणालात ना."

"अरे, पण हे पास-नापासाचं नाही. सात आले असते, पाच आले असते, तरी मी काय केलं असतं? गोळ्या तशाच ठेवल्या असत्या. एवढंच तर करायचं होतं."

"मला वाटलं, पेपर आहे."

त्या हसतात की काय असं वाटलं, पण हसल्या नाहीत. "चूक माझीपण आहे," म्हणाल्या. "मध्ये फडकं धरायला हवं होतं. बाहेर माणसं उभी होती, घाई केली. तू दहा दाखवलेस, मला दहाच हवे होते."

मग त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढून माझ्या डोळ्यांवर बांधला. आणि मी वाट बघत बसलो. दोरा कुठेतरी टेकत असणार, मला माहीत होतं, पण तळहात मुका होता. टॉवेल काढला तेव्हा वहीत ४ लिहिलेलं होतं. यावेळी मी आकड्याकडे नाही, बाईंच्या तोंडाकडे बघितलं.

"परत येईल का?"

"सगळं येईल असं सांगत नाही. लवकर आलायस. काही नक्की येईल."

गोळ्या पुन्हा आठ. कोपराला अर्धं प्लॅस्टर, गळ्यात झोळी. इस्त्री बंद, अजिबात. पावडरीचंही सांगितलं. बाई म्हणाल्या, "पावडरीने काही होत नाही, ना बरं ना वाईट. पण त्या म्हाताऱ्याला सांग, तुझी फौज कमी नाही. ती शहाणी नाही, एवढंच." चेहऱ्याचंही आज नीट ऐकलं. गाल गोळ्यांचे आहेत. गोळ्या संपल्या की उतरतील.

म्हणजे मुलीच्या मामाने माझ्या गोळ्या पसंत केल्या.

३१ मार्च

मॅनेजरला सांगितलं, नस दुखावली, दोन महिने इस्त्री नाही. तो म्हणाला, नंबर टाकायच्या खोलीत बस. तिथे येणाऱ्या प्रत्येक कपड्याला गिऱ्हाइकाच्या नंबरची चिठ्ठी लावायची. रोज ठरलेले पैसे, इस्त्रीच्या निम्म्याहून कमी. डाव्या हाताने लावतो.

उस्तादला मात्र खरं सांगितलं. आजाराचं नाव घेऊन. त्याचं तोंड उतरलं. "तो? बोटं झडतात तो?" मी म्हटलं, बोटं झडत नाहीत, कळत नाही म्हणून भाजतात, कापतात, मग जातात. औषध सुरू केलं की दुसऱ्याला होत नाही, बाई म्हणाल्या. तो "बरं" म्हणाला, आणि झोपायच्या वेळी त्याने गादी ओढून दाराशी नेली. पावडरीचा डबा माझ्या बाजूलाच राहिला.

 मला सांगितलं तेव्हा मीही पहिल्यांदा बाईंपासून हातभर मागे सरकलो होतो, जणू त्यांच्याकडूनच मला होणार होता.

३ एप्रिल

तीन दिवस उस्ताद दाराशी झोपतोय. आज सकाळी म्हणाला, "ती तुझी बाई कुठे बसते?" पत्ता सांगितला.

५ एप्रिल

उस्ताद दवाखान्यातून आला तो छाती काढून. "दहापैकी दहा! दोन्ही हात! टॉवेल बांधून!" सगळ्या लॉन्ड्रीत सांगत सुटला, कसली परीक्षा ते मात्र कुणाला सांगितलं नाही. पोरं विचारतात, उस्ताद, कशात पास झालात? तो म्हणतो, "तुम्हाला नाही झेपणार."

मग खोलीत आल्यावर म्हणाला, "ती बाई म्हणते, एका खोलीत राहिलेल्या सगळ्यांना तपासतात. घरच्यांना पण. तुझ्या घरी सांगितलंस का?"

"नाही."

"दोन वर्षांमागे घरीच होतास ना? चट्टे कधीचे?"

मी बोटांवर महिने मोजायला लागलो. उस्तादने गादी परत आणली. "दाराशी वारा लागतो," म्हणाला. तिथे वारा मुळीच लागत नाही.

६ एप्रिल, रविवार

घरी व्हिडिओवर फोन केला. दादाने सुरुवातच केली, "मामा बुधवारी बघणार. चांगला शर्ट घाल. इस्त्रीचा, नाहीतर तुझंच..."

"दादा, मला कुष्ठरोग झालाय."

एका दमात म्हटलं. तसं नसतं म्हटलं तर म्हणालोच नसतो. मग झोळीतला हात कॅमेऱ्यासमोर धरला. गोळ्यांचं सांगितलं, गालांचं सांगितलं. फेब्रुवारीतला खाडा कशाचा होता ते सांगितलं. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायला हवं, तेही. दादाचं तोंड पडद्यावर तसंच थिजलेलं. वाटलं नेट गेलं. पण मागे लांब मोरीवर आई भांडी घासताना हलत होती.

"कुणाला बोललास?" शेवटी म्हणाला.

"उस्तादला."

"आईला नको सांगू." आणि ठेवला.

मामांचं काय ते विचारायचंच राहिलं. विचारायला काय उरलं होतं म्हणा.

१२ एप्रिल, शनिवार

टॉवेल बांधून पाच. ठणका नाही. घरून फोन नाही. मी लावला तर कट होतो. दादा रोज एकदा तरी टेम्पो चालवताना फोन करायचा, भांडायला का होईना. सहा दिवस झाले. भांडणाशिवाय दिवस फार मोठा होतो.

१५ एप्रिल

वहिनीचा फोन! दुपारी, नंबर टाकायच्या खोलीत. चिठ्ठ्या टाकून बाहेर पळालो.

"भाऊजी, तुमच्या भावाने काल टेम्पोतला सगळा माल उतरवला आणि आम्हाला भरलं. मला, आईंना, पोराला, शेजारच्या काकूंनासुद्धा. म्हणाले सरकारी तपासणी आहे, सगळ्यांना सक्तीची."

"सक्तीची?"

"काकूंनी विचारलं, कोणी सांगितलं? तर हे म्हणाले, वरून आदेश आहे." वहिनी हसायला लागली आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "नर्सने यांना सदरा काढायला लावला. भाऊजी, चार दिवस हे धड जेवले नव्हते. तुम्ही लहान असताना एका ताटात जेवायचात ना, तेच सांगत होते सारखे. स्वतःची पाठ दिसत नाही म्हणून मला रोज दोनदा बघायला लावायचे."

"मग?"

"काही नाही. कुणालाच काही नाही. सगळ्यांना एकेक डोस दिला, पुढे होऊ नये म्हणून. आईंना मी सांगितलं. त्यांना आधीच काहीतरी कळलं होतं, त्या म्हणाल्या, पोराच्या डोळ्यांखाली सूज होती, मी तेव्हाच म्हटलं हे अंगावर आलेलं मांस नव्हे."

आणि मला वाटलं होतं ती आनंदाने रडली.

मुलीच्या मामांना दादाने स्वतः जाऊन सांगितलं. ते 'बघू' म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय ते मला माहीत आहे. मुलगी काय म्हणाली ते कुणी विचारलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

सहा. करंगळी टेबलावरून उचलली जाते, तांदळाच्या दाण्याएवढी. बाईंनी खाली वाकून टेबल आणि बोट यांच्यामधली फट बघितली. सहाच्या आकड्याखाली रेघ मारली, शाबास म्हणाल्या नाहीत. गोळ्या आठाच्या सहा. पुढचं सगळं सावकाश उतरवायचं, मध्ये पायरी गाळायची नाही. इस्त्री पुन्हा धरता येईल का विचारलं. "हलकी, कदाचित. नव्वद शर्ट विसर," म्हणाल्या. रागाने नाही.

वाटेत चालताना दहा वेळा करंगळी उचलून बघितली. एका बाईला वाटलं मी तिला खुणावतोय.

१ मे

नंबर टाकायच्या खोलीचा पहिला पूर्ण महिना. पगार हातात घेतला आणि दादाचा फोन वाजला. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा तोच बोलला.

"बरा आहेस ना?" म्हणाला. आणि थांबला. मी ऐकत राहिलो, दुसरं वाक्य येईल म्हणून. येईना. मग मीच सांगितलं, सहा आले, फट दिसते, ठणका नाही.

"कितीपैकी?"

"दहापैकी."

"वाईट नाही," म्हणाला. "तुझ्या मानाने बरेच आहेत."

मग खाकरून म्हणाला, या महिन्यात काही पाठवू नकोस. दूध घे, अंडी घे, भाजण्यापासून जप. मी म्हटलं, पाठवणार. म्हणाला, नको म्हटलं ना. मी म्हटलं, नको कसं, आईच्या चष्म्याचं राहिलंय. तो म्हणाला, मी बघतो, तू थोरला आहेस की मी? मी म्हटलं, थोरला आहेस म्हणून सगळं तूच बोलणार का? चांगलं अर्धा तास भांडलो. उस्ताद बाहेरून ओरडला, "जरा हळू, सगळी गल्ली ऐकतेय!" शेवटी दादा म्हणाला, "पाठवलेस तर परत पाठवीन." आणि ठेवला.

परत पाठव. बघू कोण दमतं ते. मी तर पैसे पाठवायच्या काउंटरवर जाऊन फॉर्म भरून आलोसुद्धा, उजव्या हाताने, अक्षर जरा गचाळ आलं. खोलीभाडं, जेवण आणि दवाखान्याला जायचं भाडं काढून जे उरलं ते सगळं.

सातशे चाळीस.